रेवंता आणि खिळ्यांचा ऐन

वाफेच्या इंजिनाला माणसं येता-जाता हात जोडायची, त्या काळातली ही गोष्ट. वर्ष विचारू नका. ऐनटोल्यात आज जो सर्वांत म्हातारा माणूस आहे, त्याच्या आजीनं ती तिच्या आजीकडून ऐकली होती, एवढं पुरे.

झाडीच्या मुलखात दर दोन कोसांवर एक तलाव आणि दर तलावाखाली धान. तिथलंच हे ऐनटोला गाव. गावाच्या वरच्या अंगाला मोठा तलाव, तलावाला मातीची उंच पाळ, पाळीखाली गावाची शेतं, आणि शेतांच्याही खाली गावाचीच एक वस्ती, खालचा टोला. पाळीच्या पोटात एक लाकडी दार होतं. ते उचललं की पाणी नहरानं धानाला जायचं आणि सोडलं की तलाव भरलेला राहायचा. सगळ्या गावाचं जगणं त्या दाराच्या नऊ फळ्यांवर उभं होतं. पण दार कधी कुणी नीट पाहिलं नव्हतं. रोज लागणाऱ्या गोष्टीकडे माणसं बघतच नाहीत.

बघायची ती ऐनाकडे. पाळीवर एक ऐन होता, सात माणसांच्या कवेत न मावणारा. त्याची साल मगरीच्या पाठीसारखी, चौकोनी चौकोनी फुटलेली. त्या झाडाला खिळ्यांचा ऐन म्हणायचे. गावात कुणाला काही मागायचं असलं की तो पैकू लोहाराकडून एक खिळा घडवून घ्यायचा, भर दुपारी पाळीवर कुणी नसताना जायचा आणि तो ऐनात ठोकायचा. ठोकताना बोलायचं नाही आणि ठोकल्यावर कुणाला सांगायचं नाही. सांगितलं तर नवस उलटतो आणि जे मिळालं ते हातचं जातं, असं सगळे मानायचे. त्यामुळे त्या झाडात किती खिळे होते आणि कशासाठी होते, ते फक्त झाडाला ठाऊक होतं. असं अजून सांगतात.

नदीकाठी आरागिरणी होती. तिथे पुरुषभर उंचीचं दातेरी पातं इंजिनाच्या जोरावर खाली-वर धावायचं. चाकांच्या गाड्यावर ओंडका चढवायचा, गाडा पात्याकडे ढकलायचा आणि पलीकडून फळ्या निघायच्या. गाडा ढकलणारा होता सोमा. छाती रुंद, केस कुरळे, आणि हसला की नदीपल्याडच्या माणसालाही कळायचं की सोमा हसला. त्याची बायको रेवंता. गिरणीच्या पात्यांना धार लावायचं काम तिचं. छपराबाहेर, चिंचेखाली बसून ती कानशीनं एकेक दात घासायची. दात पाहून ती सांगायची की आज पात्यानं साग कापला की बीजा, ओंडका ओला होता की वाळलेला, आणि मुकादमानं गाडा घाईनं ढकलायला लावला की नाही. तिच्या हातची धार लागलेलं पातं धावायला लागलं की गुणगुणतं, असं म्हणायचे.

पण गिरणीच्या छपराखाली तिला पाऊल टाकायची मुभा नव्हती. बाईची सावली पात्यावर पडली तर पातं बोथट होतं, असा तिथला नेम. आता बघा, धार बाईनं लावायची, पण सावली मात्र नको! आणि हे बोलताना कुणाला हसूही यायचं नाही.

त्या वर्षी भादव्यात, धान पोटरीत आलेला असताना, असं वादळ आलं की तलावातले मासे पाळीवर येऊन पडले. छपरांवरचे कवेलू पाखरांसारखे उडाले. आणि खिळ्यांचा ऐन, जो कधी वाकलासुद्धा नव्हता, तो मुळासकट आडवा झाला. तो पडला तेव्हा जमीन हादरली. त्या हादऱ्यानं पाळीच्या पोटातलं दार वरपासून खालपर्यंत तडकलं.

सकाळी माणसं पाळीवर जमली. दाराच्या फटीतून पाणी पिचकाऱ्या मारत होतं. मातीची पोती टाकली, ती वाहून गेली. पुन्हा टाकली, पुन्हा गेली. दार गेलं तर तलाव रिकामा होणार, धान वाळणार, आणि त्याआधी खालचा टोला वाहून जाणार, हे शेंबड्या पोरालाही दिसत होतं.

गावचे खुशाल पाटील पाळीवर उभे राहून म्हणाले, "नवीन फळ्या लागतील. अकरा हात लांब, चार बोटं जाड, बिनजोडाच्या. अन् पाण्यात कुजणार नाही अशा."

दाजीबा मुकादम गिरणीचा कारभारी. त्यानं डोकं खाजवलं. "एवढा ओंडका साऱ्या जंगलात नाही, पाटील."

सगळ्यांचे डोळे एकाच ठिकाणी वळले. ऐन पाळीवर आडवा पडला होता. झाड जणू म्हणत होतं, मी काय इथं उगाच पडलो का?

दोन दिवस कुऱ्हाडी चालल्या. फांद्या उतरल्या, बुंधा सुटा झाला. ओल्या ऐनाचं लाकूड इतकं जड की पाण्यात टाकलं तर दगडासारखं बुडतं. तो ओंडका ओढायला रेड्यांच्या सोळा जोड्या लागल्या आणि गिरणीपर्यंतच्या वाटेवर जो चर पडला, त्यात पुढे कित्येक वर्षं पावसाचं पाणी साचायचं. गिरणीत पाटलांनी हुकूम केला, "दिसतील तेवढे खिळे काढा." पकडी आणल्या, सालीवर जे जे खिळे दिसले ते उपटले. सत्तेचाळीस निघाले. पाटील म्हणाले, "झालं. आता चालवा."

आणि इथेच साऱ्या गावानं चूक केली. झाड वाढतं, जाड होतं, आणि आपल्या अंगातलं लोखंड गिळतं. पाच वर्षांपूर्वीचा खिळा सालीवर दिसेल, पण पंधरा वर्षांपूर्वीचा दिसणार नाही. हे सगळ्यांना कळत होतं. पण ज्याचा खिळा आत गेला होता, त्या प्रत्येकानं मनात म्हटलं, माझा एकच तर आहे, एका खिळ्यानं काय होतं? आणि गप्प बसला. सारं गाव एकेक खिळा पोटात घेऊन गप्प उभं राहिलं.

इंजिनानं शिटी दिली. सोमानं गाडा ढकलला. पातं हातभर आत गेलं, आणि असा आवाज झाला की इंजिनच फुटलं असं वाटावं. पात्याचे तीन तुकडे झाले. एक तुकडा छपराच्या तुळईत घुसला. तो काढता आला नाही, पुढे तुळईसोबतच राहिला.

"झाड कोपलं," कुणीतरी म्हणालं. लगेच नारळ आले, उदबत्त्या आल्या, एक कोंबडंही आलं. गिरणीत तीनच पाती होती. दुसरं पातं चढवलं, ओंडका फिरवला आणि दुसऱ्या बाजूनं सुरुवात केली. या वेळी दीड हात आत गेलं. मग मोडलं. पात्याचा तुकडा सोमाच्या डोक्यावरून सणकत गेला आणि त्याचं मुंडासं घेऊन नदीत पडला. सोमा जिथं उभा होता तिथंच राहिला, हात डोक्याला लावून. त्या दिवशी पहिल्यांदाच तो हसला नाही.

"बस!" मुकादम ओरडला. "आता एकच पातं राहिलं. ते मोडलं तर गिरणी बंद. हे झाड नाही, हा भूत आहे. मी हात लावू देत नाही."

चिंचेखालून रेवंता उठली. तिनं मोडक्या पात्याचा तुकडा उचलला आणि त्याचा दात नखानं चाचपला. मग ती ओंडक्याजवळ आली. छपराखाली आली, सगळ्यांसमोर. मुकादमाचं तोंड उघडंच राहिलं. कापाच्या फटीत तिनं बोट घातलं आणि बाहेर काढून दाखवलं. बोटाला निळं-काळं लागलं होतं, शाईसारखं.

"ऐनाच्या रसाले लोखंड लागलं की असं होते," ती म्हणाली. "कातडं कमावणाऱ्याले इचारा. हा भूत नाही, मुकादम. हा खिळा आहे. मोडक्या पात्याचे दोन दात चेपले, बाकीचे साबूत आहेत. भुतानं दोनच दात धरले का?"

"सारे खिळे काढले," पाटील म्हणाले.

"दिसले तेवढे काढले, पाटील. न दिसनारे आतच आहेत. ते कुठं आहेत हे ज्यानं ठोकले त्यालेच ठावं." ती गावाकडे वळली. "सांगा. एकेकानं या, अन् हात ठेवून दाखवा. मग हे पातं मोडनार नाही."

मग कुणीतरी मागून बोललं, "सांगितलं की नवस उलटते. हिले काय, हिचा खिळा नसन."

"काय सांगावं, असन बी. म्हणूनच दुसऱ्याचे उकराले निघाली."

रेवंतानं एकदा सोमाकडे पाहिलं. ही गोष्ट सांगणारे इथे नेहमी थोडं थांबतात. कारण रेवंताचा खिळा त्या झाडात होता आणि तो या माणसासाठीच होता. खूप वर्षांपूर्वी, नवीन लग्न झालेलं असताना, जंगलात एक सागाचा बुंधा सोमाच्या छातीवर पडला होता. सात दिवस तो बोलला नव्हता. आठव्या दिवशी उठून बसला. आता तिनं सांगितलं तर नवस उलटणार, आणि सोमा तर पात्याच्या अगदी पुढ्यात उभा राहणारा. नवस उलटायला दूर जायचीही गरज नव्हती. तिनं न सांगितलं तरी त्याच पात्याच्या पुढ्यात सोमाच उभा राहणार होता. दोन्हीकडून सोमाच.

तिनं ओंडक्यावर हात ठेवला. झाड उभं असताना कंबरेइतकी उंच असलेली जागा तिनं सालीचे चौकोन मोजून शोधली होती.

"इथं आहे," ती म्हणाली. "मोडक्या पात्याच्या दाताले घासून मीच खिळा केला होता. हा माणूस सात दिस पडून होता. मी झाडाले जीव नाही मागितला. मी म्हटलं, ह्याचं हसनं परत दे. ह्याच्या हसन्याबिगर मले घरात कोंडल्यावानी वाटते."

सगळ्यांनी सोमाकडे पाहिलं, जणू तो आता, या क्षणी, कोसळणार.

सोमा तिच्याकडे पाहतच राहिला. मग त्याच्या ओठांचा एक कोपरा हलला.

"अव बाई," तो म्हणाला, "मले वाटलं मी वैदूच्या पाल्यानं वाचलो! त्याले फुकटच दोन कोंबडे देले का?"

आणि तो हसला. असा हसला की चिंचेवरचे बगळे उडाले, नदीपल्याडच्या गुराख्यानं मान वर केली आणि छपराची तुळई थरारली. नवस उलटला नाही! रेवंतानं पदरानं डोळे पुसले, चुन्याचं बोट घेतलं आणि आपल्या खिळ्यावर ठिपका काढला. असं म्हणतात की तो पहिला ठिपका पटाशीनं उकरला तेव्हा आतून निघालेला दात इतक्या वर्षांनंतरही चकचकीत होता, गंजाचा ठिपकासुद्धा नव्हता.

त्यानंतर सगळ्यांत आधी पुढे आला तो झिंगर पैलवान. त्याच्या मिशा कानापर्यंत आणि दंड मुसळाएवढे. त्यानं मान खाली घालून बुंध्याच्या वरच्या अंगाला बोट लावलं.

"कायचा होता गा?" रेवंतानं विचारलं.

"दंडारीच्या खेळात राणीचं सोंग भेटावं म्हणून," झिंगर पुटपुटला.

गाव हसायला लागलं. झिंगर लाल झाला, आणि तोही हसला. "मिशा काहाडतो म्हटलं होतं झाडाले!" तो ओरडला. एक ठिपका पडला. मग जणू पाळच फुटली. रांग लागली. कुणाला लेक हवी होती, कुणाला शेजाऱ्याची विहीर आटायला हवी होती. बांधासाठी भांडणाऱ्या दोन भावांनी बोटं ठेवली तर ती एकमेकांना चिकटली. दोघांचे खिळे शेजारी-शेजारी होते, एकाच मागणीचे, दुसऱ्याची बुद्धी ठिकाणावर यावी म्हणून. पैकू लोहार सगळ्यांत शेवटी आला.

"तुझा बी?" लोक म्हणाले. "तू तर खिळे बनवतो!"

"म्हणूनच त," पैकू म्हणाला. "लोकाईचे नवस खुंटू नये, एवढंच मागितलं होतं, बाप्पा."

ज्यांचे बाप आणि आज्या मेल्या होत्या, तेही आठवून आठवून सांगत होते. कुणाच्या आईनं मरताना कानात सांगितलं होतं, कुणी लहानपणी लपून पाहिलं होतं. ऐनाचा बुंधा चुन्याच्या ठिपक्यांनी चितळासारखा दिसायला लागला. पटाश्या चालल्या, खिळे निघाले, आणि ढीग गुडघ्याइतका झाला. प्रत्येक खिळ्यामागे एक माणूस मोकळा होत होता. लोक रांगेतून बाहेर पडताना उंच झाल्यासारखे दिसत होते, असं सांगतात.

मग रेवंतानं आपली कानस उलटी धरली आणि तिच्या मागच्या टोकानं ओंडक्यावर ठोका मारला. कान लावला. पुन्हा ठोका, पुन्हा कान. मोकळ्या लाकडातून आवाज सरळ पलीकडे जात होता. पण एकदा तो गेला आणि मध्येच थबकला.

"एक राहिला," ती म्हणाली. "मोठा आहे. खोल आहे. कुठं ते आवाजावरून सांगता येत नाही, अन् सारा ओंडका खोदला त फळ्या उरत नाहीत. कोनाचा खिळा?"

माणसं एकमेकांकडे बघायला लागली.

"कोनाचा खिळा?" तिनं पुन्हा विचारलं.

तेवढ्यात पाळीवरून एक माणूस धावत आला. दार पोट फुगल्यासारखं फुगलंय, म्हणाला. सूर्य मावळेपर्यंत टिकलं तर टिकलं. खालच्या टोल्याची माणसं मागे उभी होती, सकवारबुढी सगळ्यांच्या पुढे. तिच्या डोक्याला चुंबळ ठेवायच्या जागी केस नव्हते, इतकी वर्षं तिनं पाणी वाहिलं होतं.

रेवंतानं तिसऱ्यांदा विचारलं. "कोनाचा खिळा?"

आणि गर्दीच्या मागे न जाता, मान खाली न घालता, पण पाय फरफटत, खुशाल पाटील पुढे आले. त्यांनी डोक्यावरची पगडी काढली. ओंडक्याच्या त्या बाजूला गेले, जी झाड उभं असताना खालच्या टोल्याकडे पाहायची, आणि आपला सगळा पंजा तिथं टेकवला.

"चाळीस वर्षं झाली," ते म्हणाले. "पंचानं नहराचं पहिलं पानी खालच्या टोल्याले देलं होतं. मी जवान होतो. मले ते सोसलं नाही. वीतभर लांब खिळा ठोकला, त्यांचं पानी आटावं म्हणून."

पाणी आटलं होतं खरं. चाळीस वर्षं खालच्या टोल्याचा नहर गाळानं भरलेला होता. खिळ्यानं नव्हे, हो! पाटलांनीच तो कधी उपसू दिला नव्हता. खिळ्याचं नाव पुढे करून माणसं काय काय करतात. पण इतकी वर्षं मनात जे अडकलं होतं ते त्या माणसानं गावासमोर बोलून दाखवलं, हेही खरं.

सगळ्यांना वाटलं, आता खालचा टोला पाटलांच्या अंगावर धावणार. सकवारबुढी पुढे झाली. तिनं पाटलांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"चाळीस वर्षं आमी पानी डोक्यावर वाहिलं, खुशाल," ती म्हणाली. पाटलांना नावानं हाक मारणारी त्या गावात ती पहिलीच. "आज तू फळी खांद्यावर वाहा. पहिली. अनवानी. मंग पाहू."

"वाहतो," पाटील म्हणाले.

वीतभर लांबीचा तो खिळा काढायला तीन पटाश्या मोडल्या. रेवंतानं पुन्हा ठोका मारला, कान लावला, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून कुणाला विचारायची गरज उरली नाही.

शेवटचं पातं तिनं मांडीवर घेतलं. एकेक दात घासला, एकेकाला उजवीकडे-डावीकडे नेमकं वळण दिलं. मग ती पातं घेऊन स्वतः छपराखाली गेली. मुकादम आडवा आला.

"रेवंते, गिरणीचा नेम आहे. बाईची सावली..."

"धार माहीच आहे ना मुकादम, याच्या दाताईले?" ती म्हणाली. "मंग सावली कोनाची वेगळी राहीन?"

दाजीबा मुकादम वाटेतून बाजूला झाला.

ती गाड्याजवळ सोमाच्या शेजारी उभी राहिली, पातं मोडलं तर तुकडा जिकडे उडतो त्या बाजूला. सोमा म्हणाला, "तू तिकडं हो." ती म्हणाली, "तुमी गाडा ढकला जी." इंजिनानं शिटी दिली. ती शिटी सात गावांत ऐकू गेली. पातं खाली-वर धावायला लागलं, सोमानं गाडा ढकलला, आणि दातांनी ऐनाला स्पर्श केला.

पातं हातभर आत गेलं. दीड हात गेलं. पहिली दोन पाती जिथवर गेली होती ते अंतर ओलांडून गेलं. आणि मग पातं गुणगुणायला लागलं. आधी बारीक, मग मोठ्यानं, मग असं की गर्दीतल्या बायका नकळत त्या सुरात सूर मिसळायला लागल्या. ऐन आपल्या पोटात पाणी साठवतो, हे जंगलातल्या माणसाला ठाऊक आहे. पण त्या दिवशी ऐनाच्या चिरेतून असं पाणी सुटलं की गिरणीच्या जमिनीवरून ओहळ वाहू लागला. तो वळला आणि खालच्या टोल्याच्या गाळ भरलेल्या नहरात शिरला. चाळीस वर्षांत त्या नहरानं पाहिलेलं ते पहिलं पाणी. आणि ऐनातून पाणी सुटलं त्याच क्षणी तिकडे पाळीवर दाराच्या फटीतली पिचकारी थांबली. दार श्वास रोखून उभं राहिलं, असं तिथे पोती धरून बसलेल्या माणसांनी पुढे जन्मभर सांगितलं.

एक फळी निघाली. मग दुसरी. मग नऊ. काळपट तांबूस, अकरा हात लांब, आरशासारख्या सपाट. पात्याचा एक दात मोडला नव्हता. भुसा इतका उडाला की सगळं गाव, सगळी माणसं, रेडे, कोंबड्या, एकाच रंगाची झाली, आणि कोण वरच्या गावातला, कोण खालच्या टोल्यातला, ते ओळखता येईना.

पहिली फळी खुशाल पाटलांनी खांद्यावर घेतली. ती उचलायला एरवी सहा माणसं लागली असती. ते एकटेच अनवाणी चालले, गिरणीपासून पाळीपर्यंत, आणि ज्या चरातून ओंडका ओढत आणला होता त्याच चरातून गेले. मागून सोमा आणि झिंगर, मागून बांधासाठी भांडणारे ते दोघे भाऊ एकाच फळीखाली, मागून सगळं गाव. पैकू लोहारानं भट्टी पेटवली आणि गुडघाभर ढिगातले सगळे खिळे वितळवून त्यांच्या पट्ट्या ठोकल्या. एकमेकांविरुद्धचे, एकमेकांसाठीचे, हसण्याचे आणि द्वेषाचे खिळे एकत्र वितळले, आणि त्याच पट्ट्यांनी नऊ फळ्या एकत्र जखडल्या. पाटलांचा वीतभर खिळा मधल्या पट्टीत गेला.

नवीन दार खाचेत सोडलं ते आपोआप बसलं, जणू तिथूनच निघालं होतं. पाण्याचा एक थेंब बाहेर आला नाही. सूर्य अजून पाळीवर हातभर वर होता. सकवारबुढीनं दाराला कान लावला आणि गावाकडे वळून म्हणाली, "चूप आहे." त्यावर जो जल्लोष झाला तो ऐकून तलावातले सगळे मासे एकाच वेळी उसळले, असं सांगतात. आणि सगळ्यांच्या वर सोमाचं हसणं ऐकू येत होतं.

त्या वर्षी धान असा आला की कणग्या पुरल्या नाहीत. दिवाळीच्या आत वरच्या आणि खालच्या माणसांनी मिळून नहर उपसला, पाटील फावडं घेऊन पुढे. त्याच साली झिंगर दंडारीत राणी झाला, मिशा न काढता, आणि त्याच्याइतकी देखणी राणी पुन्हा झाली नाही. सोमा नव्वद वर्षं जगला आणि हसत गेला. रेवंता त्याच्यानंतर किती जगली ते कुणाला ठाऊक नाही. काही जण म्हणतात, ती गेलीच नाही. नीट धार लागलेलं पातं गुणगुणतं, तेव्हा ती कानस ठेवून ऐकत असते.

ते दार अजून तिथंच आहे. आता ऐनटोल्याच्या गिरणीत विजेवर चालणारं पातं आहे, आणि ओंडक्यातलं लोखंड शोधणारं यंत्रही आहे, त्याचा दिवा लागतो. तरीही मोठा ओंडका गाड्यावर चढला की गिरणी थांबते. पात्याला धार लावणारी बाई पुढे येते, कारण तिथं धार अजून बाईच लावते आणि कापताना छपराखाली पात्याजवळ तीच उभी राहते. ती उलट्या कानशीनं ओंडक्यावर तीन ठोके मारते आणि तीनदा विचारते, "कोनाचा खिळा?" जमलेल्यांपैकी ज्याच्या मनात काही अडकलेलं असेल तो पुढे येऊन ओंडक्यावर हात ठेवतो आणि मोठ्यानं सांगतो. कधी भांडण असतं, कधी माफी, कधी नुसतं हसू. पण एकानं तरी सांगितल्याशिवाय पातं चालू होत नाही. आणि पहिली फळी निघाली की गावचा जो कुणी पाटील असेल तो पायातलं काढून ठेवतो, फळी खांद्यावर घेतो आणि खालच्या टोल्याकडे चालायला लागतो.